विमानतळावरच्या मिठीनंतर

विमानतळाच्या दारापाशी एक बाई कधीची उभी आहे. आठ वर्षांपूर्वी ती देश सोडून आली तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. आता दारातून जी येते आहे ती बारा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली. आई धावते, मिठी मारते, रडते. मुलगी हात अंगाशी धरून उभी राहते. तिची नजर सामानाच्या गाडीवर. घरी पोचल्यावर ती पहिलं वाक्य बोलते ते असं : "आजीला फोन लावता येईल का?"

हे दृश्य कुणा एका घरातलं नाही. थोड्याफार फरकाने ते जगभर घडतं. आईला वाटतं, पोर आपल्याला विसरली. नातेवाईक म्हणतात, एवढं केलं आईने, आणि हिला त्याचं काही नाही. पण ती मुलगी त्या क्षणी शोकात असते. आठ वर्षं जिच्या कुशीत ती झोपली, जिने तिची वेणी घातली, तापात उशाशी जागली, ती आजी काल मागे राहिली. आईच्या लेखी आज ताटातूट संपली. मुलीच्या लेखी ती काल सुरू झाली.

स्थलांतरित कुटुंबांना आधार द्यायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष निघतानाच्या दुःखाकडे आणि भेटतानाच्या आनंदाकडे जातं. मधली वर्षं आणि भेटीनंतरची वर्षं तशीच राहून जातात. मदतीची खरी निकड तिथे असते, असं माझं मत आहे, आणि पुढचा लेख त्याच मतावर उभा आहे.

सगळे एकदम का जात नाहीत?

"पोटच्या पोराला सोडून जाववतं तरी कसं?" हा प्रश्न विचारणं सोपं आहे. बहुतेक घरांत मात्र 'मुलांना सोडायचं' असा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. ठरतं ते एवढंच की आधी एकाने पुढे जायचं. काम मिळवायचं, डोक्यावर छप्पर पाहायचं, प्रवासासाठी काढलेलं कर्ज फेडायचं, कागदपत्रं मार्गी लावायची आणि मग बाकीच्यांना बोलवायचं. वर्षभराचा तर प्रश्न आहे! मग वर्षाची दोन होतात, दोनाची सहा. कर्ज फिटत नाही, अर्ज अडकतो, नोकरी जाते. कधी वाटच इतकी धोक्याची असते की लहान मुलाला घेऊन निघणं हा वेडेपणा ठरावा. कधी नोकरीची अटच अशी की कुटुंब आणता येत नाही.

कॅरोला सुआरेझ-ओरोझ्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. चीन, मध्य अमेरिका, डॉमिनिकन प्रजासत्ताक, हैती आणि मेक्सिकोतून आलेली ३८५ मुलं त्यात होती, सगळी नुकतीच वयात येऊ लागलेली. त्यातली ८५ टक्के मुलं आईपासून, वडिलांपासून किंवा दोघांपासूनही दीर्घकाळ दूर राहिलेली निघाली. म्हणजे अशा वर्गात कोण वेगळं राहिलं होतं हे शोधण्यापेक्षा कोण राहिलं नव्हतं हे शोधणं सोपं.

पुढे जाणारी व्यक्ती पुष्कळदा आई असते, कारण घरकामाला, मुलं आणि वृद्ध सांभाळायला बायकांना मागणी आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी २००० साली याला सांभाळणुकीची जागतिक साखळी म्हटलं. श्रीमंत देशातल्या घरात मूल सांभाळायला दुसऱ्या देशातली आई येते. तिचं मूल तिकडे पगारावर ठेवलेली बाई सांभाळते. त्या बाईचं मूल तिची थोरली मुलगी सांभाळते. साखळीच्या तळाशी असलेल्या त्या थोरल्या मुलीला कोण सांभाळतं, याचं उत्तर सहसा 'कुणी नाही' असंच असतं.

याशिवाय दोन वाटांनी घरं तुटतात. युद्धातून पळताना माणसं गर्दीत, सीमेवर, बोटीत चुकतात. आणि कधी सरकारच आईबापांना एकीकडे नि मुलांना दुसरीकडे पाठवतं. या शेवटच्या प्रकाराकडे नंतर वळू, कारण त्याची जखम वेगळी असते.

दोन घड्याळं

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं नववं कलम सांगतं की मुलाला आईवडिलांपासून त्यांच्या इच्छेविरुद्ध वेगळं करायचं नाही. अपवाद एकच, ते मुलाच्याच हितासाठी आवश्यक असेल तर, आणि तेही न्यायालयात तपासता येईल अशा पद्धतीने. दहावं कलम म्हणतं की कुटुंब एकत्र आणण्यासाठी आलेले अर्ज सकारात्मक, माणुसकीच्या दृष्टीने आणि तातडीने हाताळावेत. अमेरिका सोडून जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी ही संहिता मान्य केली आहे. कागदावर सगळं ठीक आहे.

प्रत्यक्षात 'तातडीने' या शब्दाचं काय होतं ते पाहा. डेन्मार्कने २०१६ मध्ये तात्पुरतं संरक्षण मिळालेल्या निर्वासितांना कुटुंब बोलावण्याआधी तीन वर्षं थांबायला लावलं. एका सीरियन डॉक्टरने त्याविरुद्ध दाद मागितली आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ जुलै २०२१ रोजी निकाल दिला की प्रत्येकाची परिस्थिती न पाहता सरसकट तीन वर्षं थांबवणं कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग आहे. जर्मनीने मार्च २०१६ मध्ये निर्वासितांच्या एका मोठ्या गटासाठी कुटुंब आणण्याची सोय बंद केली, ऑगस्ट २०१८ पासून महिन्याला १ हजार व्हिसा एवढी मर्यादा घालून ती पुन्हा उघडली आणि २०२५ मध्ये दोन वर्षांसाठी परत स्थगित केली. ब्रिटनमध्ये परदेशी जोडीदाराला आणायचं तर ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं; ही अट २०१२ मध्ये वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंड झाली. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेल्याने फिलिपिन्समधल्या सख्ख्या भावाला बोलवायचं ठरवलं, तर रांग जवळपास वीस वर्षांची आहे.

कायद्याच्या घड्याळात तीन वर्षं म्हणजे एक प्रशासकीय मुदत. चार वर्षांच्या मुलाला मात्र तीन वर्षं म्हणजे आठवतं तेवढं सगळं आयुष्य. शिवाय मूल वाढत जातं आणि एक दिवस कायद्याच्या लेखी ते मूलच उरत नाही. अमेरिकेत २१ वर्षं पूर्ण झाली की अर्ज दुसऱ्या, आणखी लांब रांगेत जाऊ शकतो. हा अन्याय थोडा कमी करण्यासाठी तिथे २००२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १२ एप्रिल २०१८ च्या निकालात असाच प्रश्न सोडवला : एकट्या आलेल्या मुलाने आश्रयासाठी अर्ज केला त्या दिवशीचं वय धरायचं, कार्यालयाने निर्णयाला उशीर लावला म्हणून मुलाने आईबाप आणण्याचा हक्क गमवायचा नाही.

म्हणून कुटुंबाला आधार द्यायचा असेल तर समुपदेशनाइतकंच महत्त्वाचं काम आहे कॅलेंडर घेऊन बसण्याचं. कोणत्या मुलाचं वय कधी पूर्ण होतं, कोणत्या कागदाची मुदत कधी संपते, हे पहिल्याच भेटीत लिहून काढावं आणि अधिकृत परवाना असलेल्या वकिलाला दाखवावं. 'आपली आत ओळख आहे' म्हणणाऱ्या दलालांच्या नादी लागून गमावलेलं वर्ष परत मिळत नाही.

नातं सिद्ध करण्याचीही एक कटकट असते. डीएनए चाचणी म्हटलं की आपल्याला खून आणि गुन्हेगार आठवतात, पण ॲलेक जेफ्रीज यांच्या या शोधाचा पहिला प्रत्यक्ष वापर १९८५ मध्ये स्थलांतराच्या प्रकरणात झाला. घानाहून ब्रिटनला परतलेला मुलगा खरंच त्याच आईचा आहे हे त्यातून सिद्ध झालं आणि त्याला राहू दिलं गेलं. तेव्हापासून ही चाचणी अनेक कुटुंबांना तारते. मात्र ती रक्त ओळखते, घर नाही. मेलेल्या बहिणीचं मूल स्वतःचं म्हणून वाढवणाऱ्या बाईला चाचणी परकी ठरवते. आणि कधी नको ते गुपित बाहेर येतं, जे त्या वडिलांनाही ठाऊक नसतं. चाचणीला पाठवण्याआधी आईशी एकटीशी, खासगीत बोलून घ्यावं, ते याचसाठी.

मागे राहिलेल्याच्या मनात

माणूस गेलं तर रडता येतं, चार लोक भेटायला येतात, दिवस होतात, काळ थोडं सावरतो. पण माणूस जिवंत आहे, फोनवर बोलतं, पैसे पाठवतं, आणि तरी घरात नाही, तर त्या दुःखाचं करायचं काय? अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना याला नाव दिलं. आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. शोक सुरू करावा तर आशेशी बेइमानी, आशा धरावी तर रोजची निराशा. मूल यातच अडकतं. आई आहेही आणि नाहीही.

अगदी लहान मुलांत हे कसं दिसतं ते जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी १९५० च्या सुमारास रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या मुलांवरून टिपलं. आधी मूल आकांत करतं. मग थकतं, गप्प बसतं, खेळ सोडतं. तिसऱ्या टप्प्यात ते परत हसू-खेळू लागतं, आणि मोठी माणसं सुटकेचा श्वास टाकतात : "रुळलं बाई एकदाचं!" पण त्यानंतर आई भेटायला आली तर तिच्याकडे ते पाठ फिरवतं. रुळलेलं वाटलं ते मूल खरं तर आईची वाट पाहणं थांबवून बसलेलं होतं. विमानतळावरची ती ताठ उभी मुलगी आठवा.

थोड्या मोठ्या मुलाच्या डोक्यात गणित चालतं, आणि ते जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. मी हट्ट केला म्हणून बाबा गेले. मी नकोशी होते म्हणून धाकट्याला नेलं नि मला ठेवलं. मोठ्यांनी कारण सांगितलं नाही, तर मूल स्वतःला दोषी धरून कारण तयार करतं.

त्यामुळे निघण्याआधीचं एक काम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं : मुलाला सांगून निघणं. रडारड नको म्हणून मूल झोपलेलं असताना निघून जाण्याची पद्धत सर्रास आढळते. त्या रात्रीचं रडणं टळतं, पण मग पुढे कित्येक महिने ते मूल झोपायलाच घाबरतं, कारण झोपलो की माणसं जातात हे त्याने पाहिलेलं असतं. सांगताना शब्द साधे असावेत. मी कामासाठी जाते आहे. तुझ्यामुळे जात नाही. तुला अमुक सांभाळेल. मी अमुक दिवशी फोन करीन. 'पुढच्या वर्षी नक्की नेते' हे मात्र हातात नसेल तर बोलू नये. मोडलेली तारीख मूल विसरत नाही. 'कधी ते मला अजून माहीत नाही, कळलं की सगळ्यात आधी तुला सांगीन' हे वाक्य ऐकायला रुक्ष आहे, पण टिकतं.

खोकी, फोन आणि सांभाळणारं माणूस

जमैकातल्या समाजकार्याच्या अभ्यासक क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राऊन यांनी परदेशी गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी एक शब्द रूढ केला : पिंपातली मुलं. आईबाप तिकडून मोठमोठ्या पिंपांत कपडे, बूट, खाऊ, खेळणी भरून जहाजाने पाठवायचे. मुलांना वस्तू मिळत, माणूस मिळत नसे. शब्द थोडा बोचरा आहे, आणि पिंप भरणाऱ्या आईवर अन्याय करणाराही. बूट घेताना पायाचं माप अंदाजाने घ्यावं लागतं आणि मुलाचा पाय आपल्या अंदाजाच्या पुढे निघून गेलेला असतो, याचं दुःख त्या पिंपात दिसत नाही एवढंच.

आता पिंपाच्या जागी व्हिडिओ कॉल आले. त्याने सगळं सुटलं असं वाटू शकतं. मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांनी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो बायका आणि मायदेशी राहिलेली त्यांची मुलं, दोन्ही बाजूंशी बोलून पाहिलं. बायकांना वाटत होतं की मोबाइलमुळे आपण पुन्हा खऱ्या अर्थाने आई झालो. मुलांचं मत इतकं एकमुखी नव्हतं. काहींना ते फोन म्हणजे दुरून चाललेली चौकशी वाटत होती : अभ्यास केलास का, जेवलास का, पैसे पोचले का.

तेव्हा फोन किती वेळा केला यापेक्षा फोनवर काय केलं हे पाहावं. दोघांनी एकच गोष्टीचं पुस्तक उघडून वाचणं, मुलाने चित्र काढताना फोन नुसता समोर ठेवणं, आईने आपली खोली, कामावर जायची वाट, खिडकीतून दिसणारं झाड दाखवणं. आई कुठे आहे याचं चित्र मुलाच्या डोक्यात असलं की ती हवेत विरून जात नाही. पाच मिनिटांचा पण ठरलेल्या वेळचा फोन, तासाभराच्या अवचित फोनपेक्षा बरा.

तिकडे सांभाळणाऱ्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नसतं. आजी, मावशी, काका, थोरली बहीण. ती मुलाला आईबद्दल काय सांगतात यावर पुढचं पुष्कळ ठरतं. 'तुझ्यासाठीच राबते आहे ती' आणि 'तुला टाकून गेली ती' या दोन वाक्यांत पुढची दहा वर्षं सामावलेली असतात. तेव्हा पैसे पाठवताना सांभाळणाऱ्याचा वेगळा उल्लेख करावा, निर्णयात विचारावं, आणि शाळेत किंवा दवाखान्यात सही करता येईल असा अधिकारपत्राचा कागद सुरुवातीलाच करून द्यावा. मध्यरात्री दवाखान्यात 'पालक कोण?' असं विचारल्यावर आजीकडे दाखवायला काही नसतं, तेव्हा त्या कागदाचं मोल कळतं.

एकत्र आल्यावर

आता मूळ मुद्दा. पहिले काही आठवडे बहुतेक घरांत बरे जातात. सगळे जपून बोलतात, पाहुण्यासारखे वागतात. नंतर एक दिवस कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून ठिणगी पडते. मुलगी म्हणते, "तू कोण मला सांगणार?" आई म्हणते, "तुझ्यासाठी आयुष्य घालवलं मी!" दोघी खरं बोलत असतात. आईजवळ त्यागाची वही आहे, मुलीजवळ गैरहजेरीची, आणि दोन्ही वह्यांतले आकडे एकमेकींशी जुळत नाहीत.

या टप्प्यावर आईबापांकडून दोन चुका होतात, दोन्ही अपराधीपणातून. एक, मागेल ते देणं, कशालाच नाही न म्हणणं. दुसरी, गेलेली सगळी शिस्त एका महिन्यात वसूल करायला निघणं. दुसरी जास्त महाग पडते. निघताना चार वर्षांचं असलेलं मूल आईच्या मनात चार वर्षांचंच राहिलेलं असतं. ती त्याला कपडे निवडून द्यायला जाते आणि समोर अर्धं प्रौढ माणूस उभं असतं. आधी ओळख, मग अधिकार, हा क्रम पाळावा. घराचे चार नियम पुरेत, ते मुलाच्या तोंडूनही ऐकून ठरवावेत, बाकीचं हळूहळू.

गुंतागुंत आणखी वाढते ती घरात नवी माणसं असली की. मधल्या काळात आईने दुसरं लग्न केलेलं असतं. इथे जन्मलेला धाकटा भाऊ असतो, ज्याला आई रोज मिळाली, इथली भाषा येते आणि बऱ्याच देशांत जन्माने नागरिकत्वही मिळतं. नव्याने आलेल्या थोरल्या मुलीला त्या घरात स्वतःची जागा दिसत नाही. ही माणसं तिला विमानतळावर पहिल्यांदा भेटता कामा नयेत. त्यांचे फोटो, आवाज, नावं, कोण कुठे झोपतं हे सगळं तिला आधी माहीत असावं. तिचा पलंग, तिचं कपाट रिकामं करून ठेवलेलं असावं. जागा थोडी असली तर एक खण, पण तो तिचाच.

आणि नाव. सावत्र वडिलांना 'बाबा' म्हण, इतकंच काय, जन्मदात्या आईलाही 'आई' म्हण, असा आग्रह धरू नये. आठ वर्षं ज्या तोंडाने 'आई' हा शब्द आजीसाठी वापरला असेल, त्या तोंडाला वेळ लागतो. या एका शब्दावरून घरं महिनोन् महिने धुमसतात.

ज्या कुटुंबांना समुपदेशक मिळतो, तिथे उपयोगी पडणारं एक साधं काम म्हणजे सगळ्यांनी मिळून एक काळरेषा काढणं. मोठा कागद. वर मुलाची वर्षं, खाली आईची. ज्या वर्षी मुलाचा हात मोडला त्या वर्षी आई कुठे होती? तिकडे मूल शाळेतल्या नाटकात उभं होतं त्या महिन्यात इकडे आईकडे घरभाडं नव्हतं. तोवर मुलाला आईची ती वर्षं माहीतच नसतात. लाज वाटते म्हणून तिने ती लपवलेली असतात. मुलानेही आपल्याला कुणी मारलं, कुणी छळलं हे आईला वाईट वाटेल म्हणून गिळलेलं असतं. अत्याचाराची शक्यता इथे हळुवारपणे, पण स्पष्ट विचारायलाच हवी. समुपदेशक नसला तरी हा कागद घरच्या घरी काढता येतो. एकच पथ्य : दुसऱ्याचं वर्ष तो सांगत असताना मध्ये बोलायचं नाही, सफाई द्यायची नाही. आईने एकदा तरी निखळ म्हणावं, "मी नव्हते. तुला त्याचा त्रास झाला." पुढे 'पण' लावला की सगळं वाया.

दुभाषी लागत असेल तर तो बाहेरचा माणूस हवा. मुलाला भाषा पटकन येते म्हणून डॉक्टर, शाळा, सरकारी कार्यालय त्यालाच मध्ये बसवतात. दहा वर्षांच्या मुलाने आईच्या नैराश्याचं भाषांतर करावं, ही अपेक्षा कुणी ठेवू नये.

हे सगळं वाचून धास्ती वाटली असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच सुआरेझ-ओरोझ्को यांच्या अभ्यासात वेगळ्या राहिलेल्या मुलांत सुरुवातीला उदासी आणि चिंता जास्त दिसली, पण पुढच्या वर्षांत ती बरीच ओसरत गेली. म्हणजे मुलं सावरतात. अवघड असतो तो सुरुवातीचा पट्टा, आणि मदत नेमकी तेव्हा आटते, कारण कागदोपत्री प्रकरण 'यशस्वी' म्हणून मिटलेलं असतं. संस्थांनी फाइल बंद करण्याची तारीख विमान उतरल्यापासून निदान वर्षभर पुढे ढकलावी, असं मला मनापासून वाटतं.

हिसकावून नेलेली मुलं

घरच्यांनी ठरवून केलेल्या ताटातुटीत निदान निरोप असतो. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येकावर खटला भरण्याचं धोरण जाहीर केलं. आईबाप कोठडीत आणि मुलं वेगळ्या निवाऱ्यात, असा त्याचा अर्थ झाला. २०१७ पासूनची प्रकरणं धरली तर अशी ५ हजारांहून अधिक मुलं वेगळी केली गेली. २० जून २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांना हे थांबवण्याचा आदेश काढावा लागला आणि २६ जून रोजी न्यायाधीश डॅना सॅब्रॉ यांनी पाच वर्षांखालच्या मुलांना १४ दिवसांत, बाकीच्यांना ३० दिवसांत पालकांकडे परत करायला सांगितलं. तेव्हा उघड झालं की कोणतं मूल कोणत्या पालकाचं याची धड नोंदच ठेवलेली नव्हती. काही पालकांना तोवर मायदेशी परतही पाठवलेलं होतं. त्यांना शोधण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

अशा मुलांत पुनर्भेटीनंतर वेगळी लक्षणं दिसतात. आई शौचालयात गेली तरी किंचाळणं, गणवेश दिसला की लपणं, किंवा आईवरच राग काढणं, कारण मुलाच्या डोळ्यांसमोर आईने त्याला 'जाऊ दिलं' होतं. इथे घरगुती उपाय पुरत नाहीत. आघातावर काम करणारा प्रशिक्षित माणूस लागतो. तोवर पालकाने रोज एवढंच करावं : कुठे जातो ते सांगून जायचं, सांगितलेल्या वेळी परत यायचं.

ज्यांच्या डोक्यावर हद्दपारीची टांगती तलवार आहे त्यांनी घरात एक पाकीट तयार ठेवावं. मुलाला कोण घ्यायला जाईल, त्या माणसाला दिलेलं अधिकारपत्र, जन्मदाखल्यांच्या प्रती, औषधांची यादी, वकिलाचा क्रमांक. मुलाला एक फोन नंबर तोंडपाठ हवा, कारण मोबाइल काढून घेतला जाऊ शकतो.

आणि माणूस कुठे आहे हेच कळत नसेल तर रेडक्रॉस. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात बासेलमध्ये सुरू झालेलं हे शोधकार्य आजही चालू आहे. युद्धामुळे किंवा स्थलांतरात हरवलेल्या नातलगाचा शोध घेण्यासाठी तिथे अर्ज करता येतो, पैसे लागत नाहीत. युरोपच्या वाटेवर चुकलेल्यांसाठी २०१३ पासून त्यांचं एक संकेतस्थळही आहे. शोधणारा तिथे स्वतःचा फोटो लावतो, नाव नाही, आणि खाली लिहिलेलं असतं की मी आईला शोधतो आहे, मी भावाला शोधते आहे.

शाळा, आणि आजी

शाळेला फार काही करावं लागत नाही. प्रवेशाच्या वेळी 'पालकांचं नाव' या रकान्याबरोबर एकच प्रश्न जास्तीचा विचारावा : तू या घरात कधीपासून राहतोस आणि त्याआधी तुला कोण सांभाळत होतं? एवढ्यावरून शिक्षकांना कळतं की हा मुलगा मठ्ठ किंवा उद्धट नाही, त्याला येऊन तीन महिने झाले आहेत.

आजीचा प्रश्न मात्र शाळेच्या आवाक्याबाहेरचा आहे. बहुतेक देशांचे कायदे कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अल्पवयीन मुलं एवढंच धरतात, फार तर आईवडील. नातीला आठ वर्षं वाढवणारी आजी त्या यादीत सहजी बसत नाही. तिला भेटीपुरता व्हिसा मिळणंही पुष्कळदा कठीण. म्हणजे कायद्याने एक नातं जोडताना दुसरं नातं नोंदच न करता तोडलेलं असतं. या आजीसाठी, रिकाम्या झालेल्या त्या घरासाठी, कुठलाही कार्यक्रम चालवला जात नाही.

कायदा बदलेपर्यंत आईच्या हातात एक गोष्ट आहे. पहिले सहा महिने आजीचा फोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी लावायचा. तो मुलीला मागावा लागू नये. आईनेच लावावा, आजीशी दोन शब्द स्वतः बोलावेत आणि मग फोन मुलीच्या हातात देऊन खोलीबाहेर जावं.